पिंपळाचं दुसरं लग्न

संपादकांचं पत्र वाचून मला हसू आलं. झाडांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या आपल्यासारख्यांनी वृक्षप्रेमावर चार शब्द लिहावेत, असं त्यांनी म्हटलं होतं. माझं नाव त्यांना कोणी सुचवलं कोण जाणे. झाडांचा सहवास मला घडला हे खरं, पण तो करवत आणि दोर घेऊन. हुबळीत आमची लाकडाची वखार होती. वडील निपाणीकडून येऊन इथे स्थिरावले. हल्याळ-यल्लापूरच्या बाजूनं येणारं सागवान आणि ऐनाचं लाकूड विकायचं हा मुख्य धंदा, आणि गावातली धोक्याची झाडं पाडून द्यायची हा जोडधंदा. वादळात फाटलेली, वीज पडून करपलेली, आतून पोखरलेली, आज पडेल की उद्या अशी झाडं माझ्या वाट्याला यायची. वृक्षप्रेमाचंच म्हणाल, तर ज्यांनी मला बोलावलं ती सगळी मंडळी वृक्षप्रेमीच होती. झाड छपरावर रेलेपर्यंत त्यांचं प्रेम टिकायचं. रेललं की मग माणूस धावत वखारीत यायचा आणि मी लगेच का येत नाही म्हणून माझ्यावर रागवायचा.

परवा एका जंगल-ठेकेदारानं मला पेट्रोलवर चालणारी नवी करवत मुद्दाम नेऊन दाखवली. आवाज असा की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळू नये. आमचा अर्धा दिवस खाणारा बुंधा ती चहा निवायच्या आत कापते. मी थक्क होईन अशी त्याची अपेक्षा होती. मी विचारलं, झाड कुठं पडायचं हे ती ठरवते का? तो म्हणाला, ते आपणच ठरवायचं. म्हणजे अवघड भाग अजून माणसाकडेच आहे, आणि माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

झाड पाडणं म्हणजे ताकदीचं काम अशी लोकांची समजूत असते. ताकद लागते, पण ती शेवटी. आधी झाडाभोवती फिरायचं. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड रिकाम्या पिंपासारखं. मग ज्या बाजूला झाड पडायला हवं त्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच घ्यायची. विरुद्ध बाजूनं दोघांनी दुहाती करवत चालवायची. पण आरपार कापायचं नाही. खाच आणि काप यांच्यामध्ये लाकडाची एक पट्टी राखायची. मी तिला बिजागरी म्हणतो, कारण दार बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर फिरून खाली येतं. बिजागरी शाबूत असली तर झाड सांगितलेलं ऐकतं. आत कूज असेल तर बिजागरी उरतच नाही, आणि मग झाड आपल्या मनाला येईल तिकडे जातं.

आणि सगळ्यांत वाईट झाड कोणतं, तर अर्धवट कापलेलं. केशवापुरातल्या एका निवृत्त कारकुनांनी मला हा धडा फुकट दिला. त्यांच्या परसातली चिंच वाळली होती. मला बोलावण्यात कमीपणा वाटला म्हणून त्यांनी दोन्ही मुलांच्या हाती कुऱ्हाडी दिल्या. मुलांनी पेन्सिलीला टोक काढावं तशी ती चिंच चहूबाजूंनी सारखी छिलली. आता ती कुठं पडणार हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग मला बोलावणं आलं. मी गेलो, पाहिलं, घरातल्या सगळ्यांना पुढच्या दारानं रस्त्यावर काढलं आणि स्वतःही जाऊन उभा राहिलो. दुपारी वारा सुटला आणि त्यानं निकाल दिला. चिंच गोठ्यावर आली. गुरं चरायला गेली होती म्हणून वाचली. कारकूनसाहेब गावात पुढे बरीच वर्षं सांगत होते की वखारवाल्याला बोलावलं आणि त्यानं आमचा गोठा पाडला.

पण ज्या झाडाची गोष्ट मला सांगायची आहे ते हुबळीतल्या दुर्गदबैल बाजाराच्या पाठीमागच्या एका गल्लीत होतं. महायुद्धाच्या आधीची गोष्ट. तिथं एक कट्टा होता आणि त्यावर पिंपळ आणि कडुलिंब अशी जोडी होती. आमच्याकडे ही दोन झाडं एका खड्ड्यात लावतात आणि मोठी झाली की त्यांचं रीतसर लग्न लावतात. अंतरपाट, अक्षता, जेवणावळ, सगळं. पिंपळ नवरा आणि लिंब नवरी. खाली नागाचे दगड मांडतात. बायका सकाळी फेऱ्या घालतात, पोटी मूल व्हावं म्हणून, नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. त्या जोडीचं लग्न आमच्या आजोबांच्या पिढीत लागलं होतं आणि संसार नीट चालला होता. मग त्यात नारायणशेट पडले.

नारायणशेट म्हणजे कापडाचे मोठे व्यापारी. मनानं वाईट नव्हते, फक्त त्यांना पुण्य दिसेल असं हवं असायचं. वडील वारले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ त्यांनी हा कट्टा वाढवला. जुना कट्टा वीतभर उंचीचा, नुसते दगड रचलेले. नारायणशेटनी तो कंबरेइतका केला. आत मातीच्या गाड्या रिचवल्या, वर शहाबादी फरशी बसवली, फरशी थेट बुंध्याला भिडवून सांधे सिमेंटनं बंद केले आणि दर्शनी बाजूला वडिलांच्या नावाचा दगड लावला. उद्घाटनाला मीही पेढे खाल्ले.

झाडाचा बुंधा जमिनीला जिथं मिळतो तो त्याचा गळा. तो उघडा राहावा लागतो. तिथं माती चढवली की साल घुसमटते, ओल धरते आणि कुजायला लागते. पिंपळ चिवट, त्यानं मातीतच नवी मुळं सोडली आणि तगून राहिला. लिंबाला ते जमलं नाही. नारायणशेटच्या वडिलांचं स्मारक वर्षानुवर्षं आतल्या आत त्याला खात होतं आणि वरून बायका त्याच्या पायावर दूध ओतून त्या कुजण्याला हातभार लावत होत्या.

एका चैत्रात मोठं वादळ झालं आणि लिंब दुबेळक्यात, म्हणजे बुंध्याला दोन फाटे फुटतात तिथं, फाटला. त्याची रस्त्याकडची फांदी, फांदी कसली, दुसरा बुंधाच तो, कलली, आणि भेग दुबेळक्यापासून खाली फरशीपर्यंत आली. त्या कललेल्या फांदीच्या बरोबर खाली गंगव्वाची जागा होती.

गंगव्वा फुलवाली. चाळिशीच्या आतबाहेरची विधवा. नवऱ्यामागं तिनं त्याच जागी गोणपाट पसरून फुलांची टोपली मांडली होती. फेऱ्यांच्या बायका तिच्याकडूनच फुलं घेत, म्हणून ती जगत होती. विधवेच्या हातची फुलं देवाला चालत. विधवेला कट्ट्यावर चढलेलं मात्र चालत नसे, म्हणून ती कट्ट्याच्या पायथ्याशी बसे. हा हिशेब कोणी केला होता ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यांना तो तोंडपाठ होता.

कट्ट्याची एक कमिटी होती, नारायणशेट तिचे पुढारी; तिनं मला झाड पाहायला बोलावलं. माझ्याबरोबर भरमप्पा होता. तो आणि हुसेनसाब ही माझी करवतीची जोडी. भरमप्पा झाडावर चढण्यात तरबेज आणि हुसेनसाब करवतीला धार लावण्यात. मी बुंध्यावर ठोकलं तर पिंप वाजलं. फरशीच्या सांध्यातून कुत्र्याच्या छत्र्या डोकावत होत्या. मी म्हटलं, बुंध्याजवळची फरशी उचला, खाली किती कुजलंय ते पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. नारायणशेटनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या वडिलांना उकरायला निघालोय.

"दामूअण्णा, तुम्ही झाड बघायला आलात. फरशीला हात लावायचा नाही."

मग मी जे दिसत होतं त्यावरून सांगितलं, की झाड लवकर पाडा. त्यावर कमिटीत चर्चा सुरू झाली आणि आठवडे चालली. चर्चा झाड कोणावर पडेल याची नव्हती. नवऱ्यादेखत नवरीला कापायचं कसं, हा प्रश्न होता. शेवटी पुरोहितांनी तोड काढली. लिंब नवऱ्याच्या आधी जाते आहे, म्हणजे सवाष्ण जाते आहे, हे तिचं भाग्यच. तिला मानानं निरोप द्यावा आणि त्याच जागी लिंबाचं नवं रोप लावून पिंपळाचं दुसरं लग्न लावून टाकावं. कमिटीला हे फार पसंत पडलं. नवरी अजून उभी होती, तिला पालवीही फुटली होती, आणि इकडे दुसऱ्या लग्नाच्या जेवणावळीत जिलेबी करायची की बुंदी यावर वाद सुरू झाला. माणसांच्या घरांतही हा उरक मी पाहिला आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही. नवलाची गोष्ट एवढीच की या सगळ्या चर्चेत, खाली एक बाई बसलेली असते, हे एकाही सभासदाच्या तोंडून निघालं नाही.

मीच गंगव्वाला जाऊन सांगितलं की इथून ऊठ. ती बोलायची कानडी-मराठी मिसळून, जशी आमच्या बाजारात सगळेच बोलतात. तिनं हातातली माळ खाली ठेवली नाही.

"झाड पडलं तर मरीन की अण्णा. पन इथनं उठले तर परत बसू देतील काय मला, ते सांगा."

कमिटीला ती तिथं कधीच नको होती. देवस्थानाच्या तोंडाशी विधवा बसते हे बरं दिसत नाही, असं दोघातिघांनी पूर्वी बोलून दाखवलं होतं. कट्ट्यापासून ती हलली की ती जागा तिची राहणार नव्हती, आणि ती जागा गेली की तिचं पोट गेलं. मी नारायणशेटकडे गेलो. ते 'बघू या' म्हणाले. व्यापाऱ्याच्या तोंडचं 'बघू या' म्हणजे काय हे मलाही कळतं, मीही व्यापारीच. तरी मी गंगव्वाला म्हटलं, काम होईपर्यंत समोरच्या बाजूला बस, परत बसवायचं मी बघतो. तिचा माझ्यावर फारसा विश्वास बसला नाही हे तिच्या तोंडावर दिसलं. पण ती उठली.

काम सुरू केलं. फाटलेल्या झाडावर माणूस चढवायचा नाही, हा माझा नियम. तेव्हा भरमप्पा पिंपळावर चढला. चढण्याआधी त्यानं रुमाल सोडला, पिंपळाला हात जोडले आणि कानडीत काहीतरी पुटपुटला. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, तुझ्याच खांद्यावर उभा राहून तुझ्या बायकोला तोडतोय, राग धरू नकोस, असं सांगितलं. सगळ्या प्रकरणात झाडाची रीतसर माफी मागणारा तेवढा एकच. पिंपळाच्या फांदीवरून दोर टाकून त्यानं लिंबाच्या फांद्या एकेक बांधल्या, तोडल्या आणि आम्ही त्या खाली सोडल्या. पिंपळाचं पानही मोडलं नाही. राहिला तो फाटका बुंधा आणि कललेल्या फांदीचा जाडजूड ठोंब. त्याला पिंपळावरून हात पोचत नव्हता. तो खालूनच पाडायला हवा होता.

बुंधा कापताना फाकू नये म्हणून त्याला साखळी आवळली. आणि एक गोष्ट केली, जी मी अशा झाडाला नेहमी करत असे. भेगेवर आडवा ओल्या चिकणमातीचा पट्टा लिंपला. माती वाळली की तो पट्टा झाडाची नाडी सांगतो. भेग केसभर जरी उघडली तरी माती तडकते. पट्टा तडकला की करवत तिथंच सोडायची आणि पळायचं, मागं वळून बघायचं नाही. कापताना माझं काम एवढंच, समोर उभं राहून त्या पट्ट्यावर डोळा ठेवणं. लोकांना वाटे वखारवाला नुसता उभा राहतो.

गल्लीच्या एका अंगाला मोकळी जागा होती, तिकडे खाच घेतली. दुसऱ्या अंगाला, कललेल्या ठोंबाच्या बाजूला, दोर बांधून कोणी येऊ नये असा बंदोबस्त केला. कट्ट्यावर दोन टोकांना बसून भरमप्पा आणि हुसेनसाब कापू लागले. काप निम्म्यावर आला असेल तेवढ्यात सनई ऐकू आली.

बायका आल्या होत्या, लिंबाची ओटी भरायला. पुरोहितांनी मुहूर्त काढला होता आणि तो मला कळवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. सवाष्ण जाते आहे तर तिला रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं. माझा दोर नारायणशेटनी स्वतः सोडला. बायकांना कसला दोर, म्हणाले. मी सांगितलं, झाड अर्धं कापलंय, हे सगळ्यांत धोक्याचं असतं, बायकांना मागं घ्या. ते म्हणाले, करवत थांबवा, मग धोका कसला. करवत थांबली की झाडही थांबतं, अशी त्यांची समजूत. कापडाचं तसं होत असेल, झाडाचं होत नाही.

बायका कट्ट्यावर चढल्या. खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या बुंध्याशी ठेवल्या. आणि एक नवंकोरं हिरवं इरकली लुगडं उलगडून त्यांनी त्या बुंध्याला चांगलं दोन वेढे देऊन नेसवलं आणि पदराची गाठ मारली. माझा मातीचा पट्टा त्याच्याखाली गेला.

मग त्या खाली उतरल्या आणि प्रसादाची वाट बघत एका रांगेत उभ्या राहिल्या. कुठं, तर ठोंबाच्या खाली, गंगव्वाच्या जुन्या जागेवर, कारण तिथं पिंपळाची सावली होती.

मला बुंध्यातून एक बारीक आवाज ऐकू आला. सुकं कापड फाटल्यासारखा. भरमप्पानंही ऐकला, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लुगडं सोडा, मला भेग बघू द्या. कोणी हललं नाही. मी ओरडून सांगितलं की बायकांनी बाजूला व्हा. त्या हसल्या. वखारवाल्याला कामाची घाई झालीय, असं कोणीतरी म्हणालं. मी कट्ट्यावर चढायला गेलो तर कमिटीच्या दोघांनी दंड धरले. सवाष्णीच्या अंगावरचं लुगडं परपुरुष फेडणार? नारायणशेटचा चेहरा लाल झाला. हुसेनसाब बुंध्याच्या सगळ्यांत जवळ होता, पण त्यानं तिथं हात लावावा असे ते दिवस नव्हते. तो माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. भरमप्पा म्हणाला, अण्णा, करवत काढू का? मी म्हटलं, काढू नको, काढलीस तर काप मिटून झाड हलेल. आम्ही तिघे कळणारे आणि शेपन्नास न कळणारे, आणि मधे एक नेसवलेलं झाड.

तेव्हा समोरच्या बाजूनं गंगव्वा उठून आली. ती कट्ट्याच्या दिशेनं चालत आली तशा रांगेतल्या बायका मागं सरल्या. सगळ्याजणींनी नव्या लुगड्यांचे पदर आवरून घेतले, तिचा स्पर्श नको, सावली नको. एकमेकींना ढकलत त्या पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या. गंगव्वा आयुष्यात पहिल्यांदा त्या कट्ट्यावर चढली.

"तुम्हाला विटाळ होतोय. मला अजून काय व्हायचंय?" असं म्हणून तिनं गाठ सोडली आणि लुगडं ओढून काढलं.

मातीचा पट्टा तडकला नव्हता, दुभंगून पडला होता. भेगेत माझी मूठ गेली असती. मी 'बिडरी!' एवढंच ओरडलो, म्हणजे सोडा. भरमप्पानं आणि हुसेनसाबानं करवत सोडून उड्या टाकल्या. हुसेनसाबानं उडी टाकता टाकता गंगव्वाला खांद्याला धरून खेचलं. साखळी तुटल्याचा आवाज आला, बुंधा उभा चिरला आणि ठोंबाकडची बाजू फरशीचे तुकडे उडवत खाली आली. ती बरोबर रांगेच्या जागेवर पडली. नारळ आणि बांगड्यांचा चुरा झाला. माणसाला ओरखडा नाही.

धुरळा बसल्यावर पहिला शब्द नारायणशेटनी काढला. ते म्हणाले, विधवेनं हात लावला आणि झाड कोसळलं.

मी बरीच वर्षं धंदा केला, माणसांच्या मूर्खपणाची मला सवय होती, पण हा नमुना मलाही नवा होता. ज्या बायका गंगव्वाला टाळायला भिंतीशी गेल्या म्हणून जिवंत होत्या, त्यांनी त्याच भिंतीशी उभं राहून माना डोलावल्या. घरी जाऊन म्हणे त्यांनी अंघोळी केल्या. मी नारायणशेटना हाताला धरून कट्ट्यापाशी नेलं. फरशी फुटून आतली माती उघडी पडली होती आणि मातीत बुडलेला बुंधा काळा, मऊ, बोटानं उकरता येईल असा झाला होता. मी म्हटलं, हे तुमच्या वडिलांच्या नावानं झालंय. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाले, बघा, पापाची जागा किती सडली होती.

उरलेला बुंधा आम्ही पाडला. लाकडासाठी मी झाड पाडायला लावलं, अशीही कुजबुज झाली. त्या पोकळ लिंबाचं मी काय करणार होतो ते कुजबुजणाऱ्यांनाच ठाऊक. गंगव्वाचं कमिटीनं ठरवून टाकलं. कट्ट्याच्या आसपास बसायचं नाही. ती गल्लीच्या टोकाशी, गटाराच्या कडेला बसू लागली. तिथवर फुलांसाठी कोण जाणार. संध्याकाळी तिची टोपली भरलेलीच असायची.

पिंपळाचं दुसरं लग्न थाटात झालं. लिंबाचं रोप गुडघ्याएवढं, आणि त्याच्या शेजारी तो आडमाप नवरा. हे दृश्यही माणसांच्या घरांत पाहिलेलं असल्यामुळे कोणी हसलं नाही. मला शाल-नारळ मिळाला. अक्षता पडल्यावर मी नारायणशेटना सांगितलं, आता तरी रोपाचा गळा उघडा ठेवा, हातभर अंतरात माती नको. ते 'बघू या' म्हणाले. महिन्याच्या आत कट्टा पुन्हा बांधला, आधीपेक्षा वीतभर उंच. रोप मातीत बुडालं, नुसता शेंडा वर. वडिलांच्या नावाचा दगड नवा आला, कारण जुना फुटला होता. फरशी तेवढी पावसाळ्यानंतर बसवायची ठरली.

मग एक चमत्कार सुरू झाला. सकाळी पाहावं तर रोपाभोवतीची माती उकरलेली आणि रोप मुळापर्यंत मोकळं. कमिटीनं माती भरली. दोन दिवसांनी पुन्हा उकरलेली. पुन्हा भरली, पुन्हा उकरली. घुशी, असं निदान झालं. पिंजरा लावला, त्यात एक मांजर सापडलं. शेवटी मला सल्ला विचारायला बोलावलं, कारण लाकडाचा माणूस म्हणजे घुशींचाही जाणकार असणार.

मी वाकून खड्डा पाहिला. घूस तिरपं बीळ करते. हा खड्डा गोल होता, कडा नीट कापलेल्या, माती एका बाजूला रचलेली आणि रोपाच्या नाजूक मुळाला कुठं धक्का नाही. बरोबर हातभर रुंद. खुरप्याचं काम. लग्नाच्या दिवशी मी नारायणशेटना गळा उघडा ठेवायला सांगत होतो तेव्हा गल्लीच्या टोकाशी कोण बसलं होतं, ते मला आठवलं. मी फार मोठ्यांदा बोलतो अशी घरच्यांची तक्रार आहे.

मी गंभीर चेहरा केला. नारायणशेटना म्हटलं, घुशी फार माजल्यात. यावर उपाय एकच, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत इथं माणूस बसून पाहिजे. नवी नवरी आहे, तिला काही झालं तर तिसरं लग्न लावावं लागेल. तिसऱ्या लग्नाचं नाव काढताच कमिटी हादरली. पण दिवसभर बसणार कोण? सभासदांना दुकानं होती, पुरोहितांना यजमान होते. मी म्हटलं, ती फुलवाली नाही तरी दिवसभर बसूनच असते. विधवा आहे हे खरं, पण घुशींना काय त्याचं. नारायणशेटनी थोडा विचार केला आणि म्हणाले, कट्ट्यावर चढायचं नाही, खालीच बसायचं. मी म्हटलं, अर्थात.

गंगव्वा आपल्या जुन्या जागी आली. गोणपाट पसरलं, टोपली मांडली. माती उकरलेलीच राहिली, पण तिनं कमिटीला सांगितलं की खड्डा मोकळा दिसला की घूस येत नाही, भरला की येते. घुशींच्या बाबतीत ती आता कमिटीची माणूस होती, त्यामुळे तिचा शब्द मानला गेला आणि पावसाळ्यानंतर फरशीही हातभर अंतर सोडूनच बसली. लिंब तरारला. आज तो दुमजली घराएवढा आहे. तिथून जाणारे लोक दगडावरचं नाव वाचतात आणि म्हणतात, नारायणशेटच्या वडिलांची पुण्याई बघा. नारायणशेट आता नाहीत, गंगव्वाही नाही, म्हणून हे छापायला हरकत नाही असं मला वाटतं.

ती परत बसायला लागली त्याच आठवड्यात मी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. फेऱ्यांच्या बायका फुलं घेत होत्या, लांबूनच, ओंजळ पुढं करून. त्या गेल्यावर मी विचारलं, गंगव्वा, घूस सापडली का? तिनं वर पाहिलं नाही. टोपलीखालचं खुरपं पायानं जरा आत सरकवलं आणि दोऱ्यात पुढचं फूल ओवलं.

"सापडली की अण्णा. कमिटीनं राखणीला बसवलीय तिला."